एकतीसचे शेहेचाळीस

पेंटर भित्रा होता, आणि हे त्याने कधी कुणापासून लपवलं नव्हतं. रस्त्यात बकरी आडवी आली तर तो थांबून तिला आधी जाऊ द्यायचा. सरकारी कागदावर सही करायची वेळ आली की आधी दोन भांडी पाणी प्यायचा. बायको म्हणायची, "यांना स्वतःच्या सावलीनं हटकलं तरी हे तिला नमस्कार करतील." तो हसून सोडून द्यायचा. अठ्ठावन्न वर्षं त्याने अशीच काढली होती. भांडण दिसलं की गल्ली बदलायची, चढ्या आवाजाचा माणूस भेटला की मान डोलवायची, आणि हातातला ब्रश काही सोडायचा नाही. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या.

नगरपालिकेने चौकातल्या पदकांच्या बोर्डाचं काम दिलं तेव्हा त्याला ते अगदी बिनधोक वाटलं. आसपासच्या सात देशांची क्रीडास्पर्धा होती. दूर कुठल्या तरी राजधानीत बारा दिवस चालणार होती. रोज संध्याकाळी सहा वाजता नगरपालिकेच्या खालच्या खोलीत जिल्ह्याच्या क्रीडासाहेबांचा फोन येणार, पेंटरने आकडे उतरवून घ्यायचे, शिडी चढायची आणि बोर्डावरच्या खिळ्यांना ते आकडे टांगायचे. बस, एवढंच. खेळणारे तिकडे, बघणारे इकडे, मध्ये आपण टांगणारे.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं. बोर्ड दोन पुरुष उंच. देशांची नावं लांबलचक, म्हणून नावांऐवजी झेंडे रंगवले. झेंड्यापुढे चार खाने: सोनं, रुपं, कांस्य आणि एकूण. झेंड्यांच्या पट्ट्या खान्यांसकट सुट्या ठेवल्या, म्हणजे क्रम बदलला की वर-खाली करता याव्यात. आकडे पत्र्यावर रंगवले. त्याचा तीनचा आकडा गावात प्रसिद्ध होता, खालचं शेपूट वळवून पुन्हा वर नेलेला, जणू उठून उभा राहतोय.

पहिले पाच दिवस मजेत गेले. साडेपाचपासूनच माणसं जमायची. कोण टपरीच्या बाकावर, कोण सायकलच्या दांडीवर. पेंटर कागद घेऊन बाहेर आला की ओरडा व्हायचा, "काका, हात सढळ ठेवा!" आपला झेंडा सगळ्यात वर होता. सोनं सतरा. त्याखाली पलीकडले, म्हणजे नदीपलीकडच्या देशाचे, बारा. मग डोंगरवाले, बेटवाले आणि बाकीचे. गणिताचे निवृत्त मास्तर रोज वही घेऊन यायचे आणि कुणी विचारो न विचारो, हिशोब ऐकवायचे.

"बेटवाल्यांची वस्ती आपल्या एका तालुक्याएवढी," ते म्हणायचे, "आणि सुवर्णपदकं तीन. माणशी मोजलं तर पहिला नंबर त्यांचा, आपला पाचवा."

"मास्तर, मग तुम्ही बेटावर राहायला जा," असं कुणीतरी म्हणायचं आणि हशा पिकायचा.

त्या हशात बोर्डासमोरचा सायकलवालाही असायचा. तीस वर्षांपूर्वी तो नदीपलीकडून आला होता आणि गावातल्या प्रत्येक सायकलचं पंक्चर त्याने एकदा तरी काढलं होतं. पेंटरची सूनही तिकडचीच. मुलगा जहाजावर नोकरीला होता, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. सून सासू-सासऱ्यांजवळ राहून बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. तिच्या बोलण्यात अजून पलीकडचा हेल होता. 'ळ' तिला नीट जमायचा नाही. सासूबाई तिला मुद्दाम "केळं" म्हणायला लावायची आणि दोघी हसत सुटायच्या.

सातव्या दिवशी पलीकडल्यांनी बरोबरी केली. चोवीस-चोवीस. कुस्ती आणि भारोत्तोलनात त्यांनी धुऊन नेलं होतं. पेंटरने खालच्या ओळीत चार टांगला तेव्हा खाली नेहमीसारखा ओरडा झाला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "काय सायकलवाले, आज खूश ना?"

"मी कशाला खूश?" सायकलवाला हसत म्हणाला. "माझ्या दुकानात काय पदकं येतायत?"

कुणी हसलं नाही. पेंटर शिडीवर पाठमोरा होता, पण हसू आलं नाही हे त्याला पाठीनेच कळलं. तो नेहमीपेक्षा सावकाश उतरला.

घरी आला तर शेजारीण दारात उभी होती. ब्लाउज न्यायला आली होती, पण बोलणं भलतंच चाललं होतं. "तुमचं आज किती झालं गं?" तिने सुनेला विचारलं.

सुनेने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "माझं नाव तुम्ही कुठल्या ओळीत धरता, काकू?"

शेजारीण ब्लाउज घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने शिवायला दिलेलं बाकीचं कापड परत नेलं. घाई नव्हती म्हणाली.

आठव्या दिवशी पलीकडले पुढे गेले. आपले सव्वीस, त्यांचे एकोणतीस. फोनवर क्रीडासाहेबांचा आवाज मात्र मोकळाढाकळा होता.

"एकूण पदकं बघ, पेंटर. आपली एक्याऐंशी, त्यांची सत्त्याहत्तर. आजपासून क्रम एकूणवर लाव."

"पण साहेब, पहिल्या दिवसापासून सोन्यावर..."

"सगळीकडे दोन्ही पद्धती चालतात. लाव."

त्याने लावलं. आपला झेंडा वरच राहिला. खाली टाळ्या पडल्या. मास्तरांनी वही मिटली आणि शिडीजवळ येऊन हळूच म्हणाले, "काल सोन्यावर, आज बेरजेवर. उद्या कशावर रे? वजनावर?"

"मास्तर, मोठ्यानं बोलू नका," पेंटर म्हणाला. स्वतःचा आवाज इतका खाली गेलेला ऐकून तोच दचकला.

त्या दिवशी चौकात पैलवानही आला होता. पैलवान म्हणजे तालमीचा मालक, चाळिशीचा, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये असा. त्याच्यामागे नेहमी दहा-पंधरा जण असत. त्याने बोर्डाकडे पाहिलं, मग वळून सायकलच्या दुकानाकडे पाहिलं, आणि काही न बोलता निघून गेला. तो बोलला असता तर बरं, असं पेंटरला वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी तो दूध आणायला निघाला तर दारावर खडूने आकडा काढलेला. एकोणतीस. दुसरं काही नाही. शिवी नाही, धमकी नाही. फक्त दोन आणि नऊ, वीतभर उंच.

पण त्याच्या अंगावर काटा आला तो आकड्यामुळे नाही. ते वळण त्याचं होतं. त्याच्या दोनचं डोकं, त्याच्या नऊची मुरड. कुणीतरी रोज चौकात उभं राहून त्याचे आकडे डोळ्यांनी गिरवले होते आणि त्याच्याच हाताने त्याच्या दारावर लिहिल्यासारखं लिहिलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन त्याने पाहिलं. सायकलच्या दुकानाच्या शटरवर एकोणतीस. दवाखान्यातली एक नर्स तिकडची होती, तिच्या खिडकीच्या फळीवर एकोणतीस. बाकी दारं कोरी. कुणाला तरी नेमकं माहीत होतं, कोणतं दार कुणाचं.

तो धावतच घरी आला आणि ओल्या फडक्याने दार पुसू लागला. खडू निघाला, पण लाकडावर ओला डाग तसाच राहिला, आकड्याच्याच आकाराचा.

"राहू द्या, बाबा," मागून सून म्हणाली. "मी मघाशीच पाहिलं. वाळलं की जाईल."

"पोरं असतील," तो म्हणाला.

"एवढं सुबक? पोरं नसतील."

त्याने तिला त्याच क्षणी सांगितलं, चार दिवस आईकडे जाऊन ये. नदीवरचा पूल काही लांब नाही.

"आज गेले तर परत कुठल्या तोंडानं येऊ?" ती म्हणाली. "आणि हे परत आले की त्यांना काय सांगाल? दारावर आकडा आला म्हणून बायको गेली?"

सासूबाई आतून म्हणाली, "ती कुठं जात नाही. जायचंच तर आपण तिघं जाऊ." पेंटरला दोघींचा राग आला आणि दोघींचा आधारही वाटला.

त्या संध्याकाळी फोन वाजला. आकडे भीती होती तसेच होते. आपलं सोनं एकोणतीस, त्यांचं तेहेतीस. एकूणही त्यांची जास्त झाली होती, त्र्याण्णव विरुद्ध नव्वद. आता कोणत्याही बाजूने मोजलं तरी पलीकडले वर होते. खिडकीतून चौक दिसत होता. पैलवान शिडीला टेकून उभा होता.

"पेंटर," साहेब म्हणाले, "पेन खाली ठेव."

"ठेवलं, साहेब."

"त्यांचे आकडे अजून पक्के नाहीत. आज राहू देत."

"मग किती लावू?"

"काल किती होते?"

"एकोणतीस."

"तेच असू देत. आपले तेवढे वाढव. गावात शांतता राहायला हवी ना?"

लेखी द्याल का, असं त्याला विचारायचं होतं. त्याने "बरं, साहेब" एवढंच म्हटलं. शांतता तर त्यालाही हवी होती. साहेबांपेक्षा जरा जास्तच हवी होती.

त्याने आपल्या ओळीत एकोणतीस केले आणि खालच्या ओळीला हात लावला नाही. चौकात एकच जल्लोष झाला. "आज त्यांना एकही नाही! भोपळा!" पैलवानाने शिडी धरून त्याला खाली उतरायला मदत केली आणि पाठीवर थाप मारली. थाप प्रेमाची होती, तरी पेंटरचा श्वास क्षणभर अडकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार कोरं होतं. सायकलच्या दुकानाचं शटर कोरं, नर्सची खिडकी कोरी. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने घरी येऊन दोन कप चहा घेतला. एका न टांगलेल्या आकड्याने तीन घरं वाचत असतील तर कुणाचं काय जातं? धावणारे धावले, जिंकणारे जिंकले. पदक काही कुणाच्या गळ्यातून निघत नाही.

दहाव्या दिवशी साहेब म्हणाले, "त्यांना एक दे." त्याने एकोणतीसचे तीस केले. खरे होते सदतीस. अकराव्या दिवशी आणखी एक. एकतीस. खरे एकेचाळीस. आपले खरे चौतीस. आपल्या राजधानीचा पेपर त्या दिवसांत फक्त आपल्या खेळाडूंचे फोटो छापत होता आणि रेडिओ फक्त आपली सुवर्णपदकं वाचत होता. त्यामुळे चौकातला बोर्ड म्हणजे ब्रह्मवाक्य झालं होतं.

मास्तर अकराव्या दिवशी दुपारी घरी आले. चपला काढायच्या आत म्हणाले, "पलीकडचा रेडिओ लागतो माझ्याकडे, बारीक आवाजात. तुझा आकडा चुकतोय."

"चुकत नाही, मास्तर. तसा लावलाय."

मास्तर बसले. त्यांनी सुनेच्या शिलाई मशीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे तू पाणी अडवून धरलंयस. मला सांग, बांध फुटेल त्या दिवशी खाली कोण असेल?"

हा प्रश्न दोन दिवस पेंटरही स्वतःला विचारत होता, फक्त इतक्या स्वच्छ शब्दांत नाही.

बाराव्या दिवशी पाच वाजताच चौक भरला. पैलवानाने शेजारच्या गावाहून बँड बोलावला होता. झळझळीत पितळी वाद्यं घेऊन सोळा माणसं टपरीपुढे रांगेने बसली होती. मिरवणुकीचा रस्ताही ठरला होता: चौकातून सायकलच्या दुकानावरून, दवाखान्यावरून, पेंटरच्या गल्लीतून आणि परत. पेंटरने तो रस्ता दोनदा विचारून घेतला. कुणी ठरवला म्हणून विचारलं तर सगळे म्हणाले, असाच ठरला.

फोन सहाला पाच मिनिटं असतानाच आला.

"लिहून घे. शेवटचा तक्ता. आपले अडतीस. पलीकडले शेहेचाळीस."

"साहेब, बोर्डावर त्यांचे एकतीस आहेत."

"एकतीस? ते कसे?"

पेंटरने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानाने चुकीचं ऐकलं होतं. "तुम्हीच म्हणाला होतात, साहेब. आज राहू देत म्हणून."

"मी म्हणालो, पक्के आकडे आल्यावर लाव. आता पक्के आलेत. उद्या सकाळच्या पेपरात सगळा तक्ता छापून येतोय. त्याआधी बोर्ड बरोबर पाहिजे. तुझी चूक आहे, तू निस्तर." फोन बंद झाला.

तो खुर्चीवर बसला आणि लगेच उठला. खोलीला मागचं दार होतं. ते गल्लीत उघडायचं, गल्ली स्टेशनकडे जायची. दार उघडंच होतं. तो तिथवर गेला, उंबऱ्यावर उभा राहिला. मागून बँडवाल्यांनी वाद्यं जुळवायला सुरुवात केली, आणि त्या पहिल्याच सुराने त्याच्या मनात सगळं एकदम लख्ख झालं. आपण पळालो तर बोर्डावर एकतीसच राहतील. मिरवणूक निघेल, गुलाल माखल्या तोंडानं त्या घरांवरून जाईल. उद्या सकाळी आठला पेपर येईल आणि हीच माणसं, नाचून दमलेली, तोंडावर आपटलेली, तोच रस्ता पुन्हा धरतील. तेव्हा त्यांच्या हातात काही पितळी वाद्यं नसतील.

इकडे आड, तिकडे विहीर. विहिरीत निदान आपण एकटे पडू, असं काहीसं त्याला वाटलं. धीर म्हणावा असं त्यात काही नव्हतं. एका भीतीने दुसऱ्या भीतीला ढकललं, एवढंच. त्याने पेटीतून चार आणि सहा काढले, बाकीचे आकडे पिशवीत टाकले आणि पुढच्या दाराने बाहेर आला.

"आले, आले! काका, वाढवा!" शिट्ट्या झाल्या. लोकांनी वाट करून दिली. शिडी चढताना त्याने पायऱ्या मोजल्या. नऊ होत्या. बारा दिवसांत कधी मोजल्या नव्हत्या.

आधी त्याने आपल्या ओळीत अडतीस लावले. चौक दणाणला. मग त्याने खालच्या ओळीतला तीन काढला आणि त्या जागी चार टांगला.

"काका, ओळ चुकली!" खालून कुणीतरी हसत ओरडलं. "वर लावा, वर!"

त्याने एक काढला आणि सहा टांगला. मग पलीकडल्यांच्या झेंड्याची पट्टी उचलली, आपली खाली घेतली आणि पलीकडल्यांची वर अडकवली. पत्रा खिळ्यावर वाजला तो आवाज सगळ्या चौकाला ऐकू गेला, कारण आता दुसरा आवाजच नव्हता.

"ओळ चुकलेली नाही," तो म्हणाला. त्याला वळायचं नव्हतं, पण वळला. एवढे चेहरे त्याने वरून कधी पाहिले नव्हते. "तीन दिवस आकडा चुकीचा होता. मी चुकीचा लावला. त्यांची शेहेचाळीस आहेत. आपली अडतीस."

पैलवान पुढे आला. "तुला कुणी सांगितलं होतं चुकीचा लावायला?"

साहेबांचं नाव जिभेवर आलं. पण साहेब तीस मैलांवर होते, आणि जमावाला जवळचं माणूस लागतं. ते नाव घेतलं तर पुढचा प्रश्न येणार, साहेबांनी असं का केलं, आणि उत्तर शोधत लोक कुणाच्या दारात जातील ते त्याला ठाऊक होतं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो."

"कुणाला?"

"तुम्हाला."

क्षणभर पैलवानाचा चेहरा अगदी रिकामा झाला. मग कुठून तरी दगड आला आणि पेंटरच्या खांद्याला लागला. दुसरा बोर्डावर आपटला. "फितूर! सून तिकडची आहे याची!" कुणीतरी ओरडलं. शिडी हलली. आधी थोडी, मग जोरात. त्याने बोर्डाची चौकट धरली, पाय सुटले, क्षणभर तो लोंबकळला आणि पाठीवर खाली आला. उजवं मनगट खाली सापडलं. घोट्यात काहीतरी कट्कन वाजलं. लोकांचे पाय त्याच्या डोक्याभोवती फिरत होते. त्याने डोळे मिटून डोकं हातांत घेतलं आणि सुनेचं नाव घेतलं. मोठ्याने की मनात, ते त्याला नंतरही आठवेना.

पण पाय थांबले नाहीत, त्याच्यावरून पुढे गेले. बोर्डाकडे. राग मोठा होता आणि बोर्ड त्याहून मोठा, समोरच उभा. त्यांनी तो दोरखंड लावून पाडला, सळयांनी फोडला, झेंड्यांच्या पट्ट्या मोडल्या. आपल्या झेंड्याचीही मोडली, घाईत कुणी पाहिलं नाही. समोर सायकलवाला शटर आतून लावून, दुकानातल्या अंधारात सायकलींच्या मध्ये बसला होता. शटरवर दोन-तीन लाथा बसल्या. तेवढ्यावर थांबलं. लाकूड फोडून माणसं दमली होती.

मास्तर आणि टपरीवाल्याने पेंटरला बाजूला ओढून घेतलं. बँडवाले वाद्यं मांडीवर घेऊन तसेच बसले होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, "वाजवा की, आपले अडतीसही काही कमी नाहीत." त्यांनी एक चाल वाजवली. चार-दोन टाळ्या पडल्या. मग लोक एकेक करून पांगले. एकमेकांकडे न बघता.

दवाखान्यात मनगटाला आणि घोट्याला प्लास्टर घातलं आणि त्याला काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा कारकून कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं की आकड्यांतली चूक पेंटरची. सही करायला उजवा हात नव्हता, म्हणून अंगठा घेतला. पाणी प्यायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

चौथ्या दिवशी सुनेने येताना बातमी आणली. सायकलवाला गेला. सगळं सामान एका टेम्पोत घालून, पूल ओलांडून, मुलीकडे. दुकानाची किल्ली मास्तरांकडे दिली.

"पण त्याचं तर काहीच झालं नाही," पेंटर म्हणाला.

"तो म्हणाला, काही झालं नाही हे खरं," सून म्हणाली. "पण शटरच्या आत बसून त्याने सगळ्यांचे आवाज ओळखले. रोजच्या गिऱ्हाइकांचे."

ती डब्याची भांडी धुवायला बाहेर गेली आणि पैलवान आत आला. एकटाच. हातात संत्र्यांची पिशवी. स्टूल त्याच्याखाली लहान पडत होतं. तो एक संत्रं काढून सोलू लागला.

"तीन दिवस आधी खरं सांगितलं असतंस तर इतकं झालं नसतं," तो म्हणाला.

"काय झालं असतं?"

पैलवान विचारात पडला. "माहीत नाही," तो अखेर म्हणाला. "बँड मी सांगितला होता. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काहीतरी करावंच लागलं असतं. तू वर उभा होतास, ते बरं झालं."

"शिडी तूच हलवलीस?"

"हो." त्याने सोललेलं संत्रं पेंटरच्या डाव्या हातात ठेवलं. "पण आधी धरलीही होती ना? उतरताना?"

तो खरंच विचारत होता. त्याला उत्तर हवं होतं, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती, फक्त हिशोब जुळत नाही अशी कुरकुर होती. पेंटरला शिडीवर वाटली नव्हती इतकी भीती आता वाटली. हा माणूस वाईट असता तर त्याच्यापासून लांब राहता आलं असतं.

"धरली होती," पेंटर म्हणाला.

पैलवान उठला. दारात सून समोरून आली. तो बाजूला झाला, मान लववून म्हणाला, "या वहिनी." मग जाता जाता सहज, "तुमच्याकडे मोठी मिरवणूक निघाली असेल, नाही?"

"निघाली असेल," ती म्हणाली. "मी इथं होते."

तो गेला. लांबवर जाईपर्यंत पेंटर त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिला. सुनेने डबा खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसली.

"दाराकडे पाठ करून बसू नकोस, बाळ," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग उठली, आणि स्टूल फिरवून घेतलं.